इंजिनाच्या धगीत टिकणारे आग-सेन्सर: खान्देशातून मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची चोपड्याची. गेली बरीच वर्षं बंगळूरूत उच्च तापमानाच्या सेन्सरांवर काम करते. दर मे महिन्यात गावी आले की जळगाव, धुळे, शिरपूरकडच्या एखाद्या कॉलेजात मुलांशी बोलायला बोलावणं येतं. तिथे आणि नंतर घरच्या ओट्यावर तेच ते प्रश्न निघतात. काही प्रश्न इतके नेमके असतात की त्यांना घाईत उत्तर देणं मला बरं वाटत नाही, म्हणून सगळे एकत्र लिहून काढले. भाषा जमेल तितकी साधी ठेवली आहे, पण विषय पातळ केलेला नाही.

ताई, इंजिनात तर आग असतेच. मग आगीचा सेन्सर कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा पहिला येतो, आणि तो योग्यच आहे. चुलीत विस्तव हवा, पण तोच विस्तव शेजारच्या कडब्याच्या गंजीत नको. जेट इंजिनाचं तसंच आहे. ज्वलनकक्षात सुमारे २००० अंश सेल्सिअसची ज्योत अखंड जळत असते आणि ती तिथेच जळायला हवी. पण इंजिनाचा गाभा आणि बाहेरून दिसणारं गुळगुळीत कवच यांच्यामध्ये एक पोकळी असते. या कवचासकट सगळ्या घराला नॅसेल म्हणतात. त्या पोकळीतून इंधनाच्या नळ्या जातात, तेलाच्या जातात, हायड्रॉलिकच्या जातात. गिअरबॉक्स, पंप, जनरेटर, विजेच्या तारा असा सगळा पसारा तिथेच असतो.

विमानाचं इंधन, म्हणजे जेट ए-१, ठिणगी नसतानाही साधारण २१० अंशांच्या आसपास आपोआप पेटू शकतं. इंजिनाच्या गाभ्याचं बाहेरचं आवरण काही ठिकाणी याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. एखाद्या नळीच्या जोडातून इंधनाचा बारीक फवारा त्या आवरणावर पडला की झालं. सेन्सर राखण करतो ती या पोकळीची.

म्हणजे सेन्सरला २००० अंश सोसावे लागत नाहीत?

नाही. पण त्याला जे सोसावं लागतं ते काही सोपं नाही.

त्याचं आयुष्य दोन भागांत बघा. पहिला भाग रोजचा. बाहेर उणे ५५ अंशांची हवा आणि कवचाच्या आत शेकडो अंशांची धग, या दोन्हींत हजारो तास काढायचे. त्यात इंजिनाची थरथर क्षणभरही थांबत नाही. शिवाय तेलाचे शिंतोडे, धुण्याचं पाणी, समुद्रकाठच्या विमानतळावरची खारी हवा. दुसरा भाग कदाचित कधी येणारच नाही, पण आला तर काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा असतो: प्रत्यक्ष आग. त्यासाठीच्या चाचणीत सुमारे ११०० अंशांची ज्योत सेन्सरवर धरतात आणि त्याने ५ सेकंदांत इशारा द्यावा अशी अपेक्षा असते.

अशा चाचण्यांच्या ज्योतीबद्दल आयएसओ २६८५ हे मानक आहे. त्यात नुसतं तापमान सांगून भागवलेलं नाही, तर ज्योतीतून दर चौरस मीटरला सुमारे ११६ किलोवॅट उष्णता यावी असंही म्हटलं आहे. हा आकडा जळगावच्या माणसाला मी असा समजावते: भर दुपारचं कडक ऊन दर चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट उष्णता देतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता डांबरी रस्त्यावर अनवाणी उभं राहिल्यावर जे वाटतं, त्याला शंभराहून अधिकने गुणा.

आग कळवली की सेन्सरचं काम संपलं. मग तो जळून गेला तर बिघडलं काय?

बिघडतं. वैमानिकाने इंधन तोडून आग विझवणारी बाटली सोडली, तर आग विझली की नाही हे त्याला कोण सांगणार? तोच सेन्सर. थंड झाल्यावर त्याने इशारा मागे घेतला पाहिजे आणि आग पुन्हा भडकली तर पुन्हा बोललं पाहिजे. म्हणून एकदाच वितळून काम संपवणारी फ्यूजसारखी गोष्ट इथे चालत नाही. विमानाच्या नियमांत ‘अग्निरोधक’ आणि ‘अग्निसह’ असे दोन दर्जे आहेत. त्याच ११०० अंशांच्या ज्योतीत पहिल्याने १५ मिनिटं टिकायचं, दुसऱ्याने ५ मिनिटं. अग्निक्षेत्रातल्या सेन्सरच्या भागांना आणि तारांना निदान ५ मिनिटांचा दर्जा लागतो.

हे सेन्सर दिसतात कसे? धुराच्या सेन्सरसारखी डबी असते का?

जुन्या विमानांत डब्या असत: दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, तापली की वाकते आणि संपर्क जुळतो. इस्त्रीत असते तशीच. थर्मोकपल, म्हणजे तापल्यावर किंचित वीज देणारी दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी, हेही वापरत. त्यातून तापमान किती वेगाने चढतंय हे कळे. पण डबी जिथे बसवली तिथलंच सांगते. आग दोन हात पलीकडे लागली तर तिला उशिरा कळणार.

आज बहुतेक मोठ्या विमानांत लांबच लांब नळी असते. तिला लूप म्हणतात. पेन्सिलीतल्या शिसाएवढी किंवा त्याहून थोडी जाड, स्टीलची किंवा इनकोनेल नावाच्या निकेल-मिश्रधातूची. इंजिनाभोवती चिमट्यांनी धरून ती फिरवलेली असते. आत काय भरलं आहे यावरून तिचे प्रकार पडतात.

पहिल्या प्रकारात नळीच्या मधोमध तार असते आणि तारेभोवती थर्मिस्टर जातीची सिरॅमिक. ही सिरॅमिक थंड असताना वीज अडवते आणि तापली की तिचा विरोध झपाट्याने उतरतो. तार आणि नळी यांच्यामधून किती प्रवाह गळतो हे मोजत राहायचं. केळीच्या बागेतली ठिबकची नळी डोळ्यांसमोर आणा. नळीला एका ठिकाणी मोठं भोक पडलं काय किंवा शंभर ठिकाणी बारीक गळती असली काय, पंपापाशी दाब सारखाच उतरलेला दिसतो. थर्मिस्टरच्या लूपचंही तसंच: एखादी वीत खूप तापली किंवा अख्खी लांबी थोडी जास्त तापली, तरी प्रवाह सारखाच गळू शकतो. आग आणि सर्वसाधारण अति-उष्णता यांत फरक करणं त्यामुळे अवघड होतं.

दुसऱ्या प्रकारात सिरॅमिकमध्ये असं क्षारमिश्रण मुरवलेलं असतं, जे ठरावीक तापमानालाच वितळतं आणि वितळताच विरोध एकदम कोसळतो. इथे सरासरीची भानगड नाही. थोडीशी लांबी जरी त्या तापमानाला पोचली तरी इशारा मिळतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत जास्त आवडतो. त्यात संवेदनाचं काम वायू करतो.

वायूने आग कशी कळते?

बंद नळीत हेलियम भरलेला असतो. तापमान वाढलं की दाब वाढतो, हे अकरावीला शिकलेलंच आहे. निरपेक्ष मापात खोलीचं तापमान ३०० केल्विन धरा, म्हणजे २७ अंश सेल्सिअस. पूर्ण नळी ६०० केल्विनला, म्हणजे ३२७ अंशांना गेली की दाब दुप्पट होतो. नळीच्या टोकाला पातळ पडद्याचा दाब-स्विच असतो. ठरावीक दाब झाला की पडदा टक्कन उलटतो आणि घंटा वाजते.

पण आग एखाद्या वितीतच असेल तर? तेवढ्याने सगळ्या हेलियमचा दाब फारसा वाढणार नाही. म्हणून नळीच्या मधोमध टायटॅनियम हायड्राइडसारख्या पदार्थाचा गाभा असतो. या पदार्थाने हायड्रोजन पोटात धरून ठेवलेला असतो. एका ठिकाणी जोरात तापलं की तो भरपूर हायड्रोजन सोडतो, दाब झटकन चढतो आणि तोच स्विच उलटतो. थंड झालं की गाभा हायड्रोजन परत शोषून घेतो आणि नळी पूर्ववत होते. एकाच नळीला सरासरी उष्णताही कळते आणि एका जागची ज्योतही.

आता यातली खरी कमाल सांगते. टोकाला आणखी एक दाब-स्विच असतो. साध्या तापमानालाही हेलियमचा जो दाब असतो, त्याने हा दुसरा स्विच कायम दाबलेला राहतो. नळीला भेग पडून हेलियम निघून गेला की तो सुटतो आणि कॉकपिटला कळतं की सेन्सर मेला आहे. उंचावर उणे ५५ अंशांना, म्हणजे २१८ केल्विनला, दाब खोलीतल्या दाबाच्या ७३ टक्क्यांच्या आसपास उतरतो. त्यामुळे हा स्विच सुटण्याची पातळी त्याच्याही खाली ठेवावी लागते, नाहीतर थंडीत निरोगी सेन्सरच मेल्याचं कळवेल.

उष्णता सोसणं हीच यातली मुख्य अडचण ना?

या कामात आले तेव्हा मलाही तसंच वाटायचं. आज वाटत नाही, आणि त्याचं कारण सांगायला मला चोपड्याला परत यावं लागतं.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, एका जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाच्या जिनिंगमध्ये आगीची भीती किती असते हे खान्देशात कोणाला सांगायला नको. सरकीबरोबर एखादा खडा किंवा खिळा यंत्रात गेला की ठिणगी उडते, ती रुईत दडून बसते आणि तासाभराने गंजी पेटते. त्या जिनिंगमध्ये आगीची घंटा बसवली होती. धुळीने आणि तंतूंनी तिचा सेन्सर भरून जाई आणि घंटा कारण नसताना वाजे. दिवसातून दोनदा, कधी चारदा. काम थांबे, मुकादम ओरडे. एके दिवशी वरून हुकूम आला: “हाई घंटा रोजच खोटी वाजस, बंद करी टाक.” नानांनी स्वतःच्या हाताने तिची तार काढली. त्याच हंगामात गंजीला आग लागली. माणसं वाचली, पण एका गड्याचे दोन्ही हात भाजले. त्या गोष्टीला तीस वर्षं होत आली. नाना आजही ती पुरी सांगू शकत नाहीत.

उष्णतेत टिकणारा पदार्थ सापडतो. उष्णतेत टिकून खरं बोलणारा सेन्सर बनवणं फार कठीण. त्याने आग नसताना ओरडायचं नाही, आग असताना गप्प बसायचं नाही आणि स्वतः मेला असेल तर तेही सांगायचं. अमेरिकी नियमावलीतल्या २५.१२०३ या कलमात, सेन्सर किंवा त्याची तार तुटली तर वैमानिकांना ते कळावं आणि उड्डाणातच परिपथ तपासता यावा, असं लिहिलेलं आहे. ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नानांची घंटा आठवली होती.

पण विमानात खोटा इशारा आला तर इतकं काय होणार? उतरवून बघायचं.

इतकं सोपं नसतं. आगीचा इशारा आला की ते इंजिन बंद करावंच लागतं, कारण खरं-खोटं पाहायला खिडकी नसते. म्हणजे खोट्या इशाऱ्यामुळे चांगलं इंजिन बंद होतं, विमान समुद्रावर असेल तर एका इंजिनावर लांब जावं लागतं, आणि थकलेल्या वैमानिकांवर नसलेलं संकट येऊन पडतं. असे दोन-तीन अनुभव आले की माणसाचा त्या घंटेवरचा विश्वास उडतो. जिनिंगमध्ये नेमकं तेच झालं होतं.

खोट्या इशाऱ्यांची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. चिमट्याचं रबर झिजून नळी कवचावर घासते, कनेक्टरमध्ये पाणी किंवा तेल शिरतं, दुरुस्तीच्या वेळी कोणाच्या हाताने नळी वाकते. पाणी शिरलं की तारेचा विरोध उतरतो, आणि थर्मिस्टरच्या लूपमध्ये विरोध उतरणं म्हणजेच आग. ग्रॅव्हिनर कंपनीच्या जुन्या ‘फायरवायर’ पद्धतीत यावर सुरेख तोड काढली होती. तापलेल्या लूपचा विरोध उतरतो तशी त्याची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमताही वाढते. नुसत्या शॉर्टमध्ये धारिता वाढत नाही. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तरच आग मानायची.

एकाऐवजी दोन लूप का लावतात?

याच कारणासाठी. दोन लूप शेजारी-शेजारी असतात आणि दोघांनी ‘आग’ म्हटलं तरच घंटा वाजते. एक लूप बिघडला आणि यंत्रणेला ते कळलं, तर उरलेल्या एकाच्या शब्दावर काम चालतं.

एअरबस ए३२० मध्ये याहून पुढचा एक बारकावा आहे. दोन्ही लूप ५ सेकंदांच्या आत एकापाठोपाठ तुटले, तर यंत्रणा त्याला बिघाड न मानता आग मानते. दोन स्वतंत्र नळ्या योगायोगाने एकाच वेळी मरतील अशी शक्यता फार कमी, ज्योतीने दोन्ही कापल्या असण्याची शक्यता जास्त. हे ज्याने ठरवलं त्याने मरणाऱ्या सेन्सरच्या गप्प होण्यातूनही निरोप काढला. मी मुलांना हे उदाहरण दर वेळी सांगते.

बनवताना सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो?

जोडांमध्ये. नळी बनवणं जमतं. गाभा बनवणंही जमतं. धातू जिथे सिरॅमिकला मिळतो, तिथे महिनोन् महिने जातात.

मांडे करणाऱ्या बाईला हे लगेच कळतं. खापर एकदम भडक्या जाळावर ठेवलं तर तडकतं, म्हणून ती आधी मंद जाळावर त्याला सवय लावते. मातीचा एक भाग तापून फुगतो, दुसरा थंड राहतो आणि मध्ये ताण येतो. आमच्याकडे तर दोन वेगळे पदार्थ असतात. एका अंशाने तापमान वाढलं की इनकोनेल लांबीच्या दहा लाख भागांत साधारण १३ भागांनी फुगतं, अॅल्युमिना साधारण ८ भागांनी, आणि सिलिकाची काच जेमतेम अर्ध्या भागाने. फरक किरकोळ वाटतो. पण तो ५०० अंशांनी गुणा आणि पुन्हा हजारो उड्डाणांनी गुणा. प्रत्येक उड्डाणात जोड एकदा ताणला जातो, एकदा सैल होतो. आधी डोळ्यांना न दिसणारी भेग पडते, मग तिच्यातून ओल शिरते.

ओल हा यातला सर्वांत मोठा वैरी. खनिज भरलेल्या केबलमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी असते. उष्णतेला ती उत्तम, पण हवेतलं पाणी ती मिठासारखी ओढून घेते. टोक बंद करायला जरा उशीर झाला की आतला विरोध बिघडतो. आमच्या प्रयोगशाळेत एका नमुन्याचे आकडे दर सोमवारी खराब यायचे आणि गुरुवारपर्यंत सुधारायचे. आम्ही पदार्थ बदलले, भट्टी बदलली, एकमेकांच्या मोजणीवर शंका घेतली. शेवटी उमगलं की शनिवार-रविवारी खोलीतलं वातानुकूलन बंद असायचं आणि एका टोकाचं सील पुरतं बसलेलं नव्हतं. चार महिने गेले त्यात. तेव्हापासून मी खोलीची आर्द्रता वहीत लिहिल्याशिवाय एकही आकडा लिहीत नाही.

सध्या नवं काय चाललं आहे?

बरंच काही, पण तीन दिशा मला भरवशाच्या वाटतात.

एक, सिलिकॉन कार्बाइड. साध्या सिलिकॉनच्या चिपा १२५ अंशांच्या पुढे अडखळू लागतात. त्यातली ऊर्जेची दरी (बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकीच असल्याने उष्णतेनेच इलेक्ट्रॉन उड्या मारू लागतात आणि चिपेला स्वतःचा संकेत आणि उष्णतेचा गोंधळ यांत फरक कळेनासा होतो. सिलिकॉन कार्बाइडच्या ४एच जातीत ती दरी ३.२६ आहे. नासाच्या ग्लेन केंद्राने अशा चिपा ५०० अंशांना हजारो तास चालवून दाखवल्या. २०१६ मध्ये शुक्राच्या पृष्ठभागासारख्या परिस्थितीत, ४६० अंशांना आणि प्रचंड दाबात, त्या ५२१ तास चालल्या. याचा आम्हाला उपयोग असा: आज सेन्सरचा क्षीण संकेत लांब तारेने थंड जागी न्यावा लागतो आणि वाटेत त्यात खरखर मिसळते. चिप सेन्सरच्या शेजारीच बसली तर स्वच्छ संकेत पुढे जाईल.

दोन, प्रकाशतंतू. तंतूत कोरलेली बारीक जाळी तापली की परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. एकाच तंतूवर अनेक जाळ्या असल्याने कुठे तापलं तेही समजतं, म्हणजे ठिबकच्या नळीची अडचण इथे राहत नाही. साधी जाळी काही शे अंशांना पुसट होत जाते. विशेष प्रक्रियेने पुन्हा उगवलेली जाळी १००० अंशांपर्यंत नेता येते. नीलमण्याचा तंतू तर सुमारे २०४० अंशांना वितळतो. अडचण काचेच्या ठिसूळपणाची आणि कनेक्टरवरच्या धुळीची.

तीन, ज्योत थेट बघणं. जळत्या इंधनात ३१० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश असतो, आणि गरम कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रोमीटरला अवरक्त प्रकाश सोडतो. असे सेन्सर फार झटपट असतात. पण त्यांच्या काचेवर तेल आणि काजळी बसली की ते आंधळे होतात, आणि उडत्या विमानात ती काच पुसायला कोणी जाऊ शकत नाही. माझं मत विचाराल तर निदान माझ्या नोकरीच्या काळात हे सेन्सर लूपच्या जोडीला येतील, लूपची जागा घेणार नाहीत.

सेन्सर असूनही आग कळली नाही, असं कधी झालं आहे का?

सेन्सर जिथे असतो तिथलंच सांगतो, हे ध्यानात ठेवायला हवं.

४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए३८० विमानाच्या एका इंजिनात तेलाची छोटी नळी थकव्याने तडकली. आग लागली ती इंजिनाच्या पोटात, सेन्सर राखतो त्या पोकळीत नाही. टर्बाइनची एक चकती सुटून इंजिन फोडून बाहेर गेली. विमानातले सर्व ४६९ जण सुखरूप उतरले, त्याचं मोठं श्रेय वैमानिकांना.

२२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला याउलट घडलं. बोइंग ७३७ धावपट्टीवर वेग घेत असताना ज्वलनकक्ष फुटला आणि त्याच्या तुकड्याने पंखातली इंधनाची टाकी भोसकली. वैमानिकांना आधी टायर फुटल्यासारखा आवाज आला, त्यांनी विमान थांबवायला घेतलं, आणि आगीची घंटा काही सेकंदांनी वाजली. ५५ माणसं गेली. त्या सेकंदांबद्दल वाचल्यावर ‘५ सेकंदांत इशारा’ हा नियम मला कागदावरचा आकडा वाटेनासा झाला.

एक सेन्सर मंजूर व्हायला काय काय करावं लागतं?

आधी मर्यादा ठरवायची: त्या जागी सर्वांत गरम दिवशी, सर्वांत जास्त ताकदीवर किती तापमान होतं ते मोजायचं आणि त्याच्या पुरेसं वर इशाऱ्याचं तापमान ठेवायचं. मग नमुने भट्टीत जुने करायचे, गरम-थंड फेऱ्या द्यायच्या, थरथराटाच्या टेबलावर ठेवायचे. इंधन, तेल, खारं धुकं, पाणी यांची अंघोळ घालायची. या बाबतीत डीओ-१६० हे मानक जगभर पाळतात. शेवटी ज्योत. मग कागद, आणि कागद खूप असतात. लढाऊ विमानासाठी आपल्याकडे सेमिलॅक ही संरक्षण खात्याची संस्था मान्यता देते, नागरी विमानांचं काम डीजीसीएकडे, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाकडे.

जळगाव-धुळ्यात बसून यावर प्रोजेक्ट करता येईल का?

येईल, आणि चांगला येईल. विमानात लावायचा सेन्सर बनवायला जाऊ नका. सेन्सर कसा चुकतो याचा अभ्यास करा. त्यासाठी लागतं काय? कॉलेजातली मफल फर्नेस, के-टाइप थर्मोकपल, एक चांगला मल्टिमीटर आणि शिस्त.

उघडं थर्मोकपल, १ मिलिमीटर आवरणाचं आणि ६ मिलिमीटर आवरणाचं, अशी तीन घ्या. तिन्ही एकदम तापल्या भट्टीत सरकवा आणि अंतिम तापमानातल्या फरकाच्या ६३ टक्क्यांपर्यंत जायला प्रत्येकाला किती सेकंद लागतात ते नोंदवा. जाड आवरण टिकाऊ असतं पण सुस्त. टिकाऊपणा आणि चपळाई यांची ओढाताण तुम्हाला स्वतःच्या आलेखात दिसेल. यापुढे जायचं असेल तर खनिज भरलेल्या केबलचा तुकडा घेऊन तापमान वाढेल तसा तिचा विरोध कसा उतरतो ते मोजा. मग तिचं एक टोक आठवडाभर उघडं ठेवून पुन्हा मोजा.

एक चूक दर वर्षी दिसते. के-टाइप थर्मोकपल अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं, पण ते दोन टोकांच्या तापमानातला फरक दाखवतं. पुस्तकातल्या तक्त्यात थंड टोक ० अंशांना धरलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्या प्रयोगशाळेतलं टेबल ४२ अंशांवर असतं. सुमारे बेचाळीस अंशांची चूक तिथेच झाली. थंड टोकाचं तापमान मोजा, गृहीत धरू नका.

हायड्रोजनच्या वाटेला जाऊ नका, आणि शिक्षक हजर नसताना बर्नर पेटवू नका. हे मी आईच्या काळजीने सांगते आहे.

याचा आपल्याकडच्या जिनिंगला, कारखान्यांना काही उपयोग?

सेन्सर तोच वापरायचा नाही, तो फार महाग पडेल. पण विचार तोच लागू होतो. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर, केबलच्या बोगद्यांत लांब उष्णता-संवेदी तार टाकतात, ती या लूपचीच गरीब बहीण. बसवताना पुरवठादाराला एक प्रश्न नक्की विचारा: ही तार तुटली किंवा हिचा सेन्सर धुळीने बुजला, तर मला कसं कळेल? उत्तर गोलमाल आलं तर दुसरा पुरवठादार बघा.

मुलीला या क्षेत्रात जायचं आहे. काय शिकावं?

इन्स्ट्रुमेंटेशन, धातुशास्त्र, सिरॅमिक, रसायन, भौतिकशास्त्र, यातलं काहीही चालेल. जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा आपल्या विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकूनही इथे पोचता येतं. पुढे बंगळूरूला जेट इंजिनांवर संशोधन करणारी जीटीआरई आहे, विमानशास्त्राची प्रयोगशाळा एनएएल आहे, विमानं बनवणारी एचएएल आहे. हैदराबादला मिधानीत निकेलचे मिश्रधातू बनतात. मुलीला इंग्रजी कमी येतं म्हणून थांबवू नका. मलाही सुरुवातीला येत नव्हतं. भट्टीपाशी तासन् तास बसून आकडे प्रामाणिकपणे लिहायची सवय मात्र लागतेच.

विमानात बसल्यावर हे सेन्सर चालू आहेत की नाही ते प्रवाशाला कळतं का?

सहसा नाही. पण एकदा कळलं होतं. नानांना पहिल्यांदा विमानाने बंगळूरूला घेऊन जात होते. मुंबईहून पहाटेचं पहिलं उड्डाण, आमच्या जागा अगदी पुढच्या, कॉकपिटचं दार अजून उघडं. आतून अचानक घंटा खणखणली आणि थांबली. नानांनी माझा हात घट्ट धरला. मी सांगितलं, ती आगीची घंटा आहे, निघण्याआधी वैमानिक बटण दाबून तिची परीक्षा घेतात, लूप शाबूत आहेत का ते बघतात.

नाना बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, “रोज वाजाडतस का?”

“हो नाना, रोज.”